मान दुखते, पण किती? कागदावरचा प्रश्न आणि आपला शब्द

(सामुदायिक रेडिओवरील 'आरोग्याची ओसरी' या कार्यक्रमातील भाषण)

धारा काढून झाल्या असतील, चूल पेटली असेल. हातातलं काम चालू ठेवा आणि कान तेवढे इकडे द्या. आज आम्ही मानेच्या दुखण्याबद्दल बोलणार आहोत. पण औषध आणि शेक यांच्याबद्दल नाही, तर दुखणं मोजायच्या कागदाबद्दल. कागदात काय एवढं, असं आम्हालाही आधी वाटायचं. मग आमच्याच गटातल्या एका काकूंची गोष्ट घडली आणि आमचे डोळे उघडले.

काकूंचं नाव सांगत नाही. त्यांनीच नको म्हटलंय. वय पन्नाशीच्या पुढं. उभा जन्म डोक्यावर भारा आणि हंडा. गेल्या वर्षी त्यांची मान धरली ती सुटेचना. रात्री कूस बदलली की कळ यायची, सकाळी वेणी घालायला हात वर जायचा नाही. आम्ही त्यांना आग्रह करून तालुक्याच्या एका दवाखान्यात पाठवलं. तिथं त्यांना एक कागद दिला. दहा प्रश्न, प्रत्येकाखाली सहा उत्तरं, एकावर खूण करायची. काकूंना अक्षर लागतं पण बारीक दिसत नाही, म्हणून तिथल्या मुलीनं भराभर वाचून दाखवलं. बाहेर रांग लागलेली, तिचाही नाइलाज.

प्रश्न आला, "गाडी चालवताना मान दुखते का?" काकू म्हणाल्या, "मी कुठली गाडी चालवते बाई? काही नाही." मुलीनं खूण केली, त्रास नाही, शून्य. पुढं आला, "वाचताना मान दुखते का?" काकू म्हणाल्या, "वाचतच नाही तर दुखेल कशी?" परत शून्य. शेवटी बेरीज झाली पन्नासपैकी वीस. म्हणजे मध्यम त्रास. व्यायामाचा कागद मिळाला आणि महिन्यानं या असं सांगितलं.

काकू घरी आल्या आणि म्हणाल्या, "कागद म्हणतो मला फार काही झालेलं नाही." त्या हसत होत्या, पण त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. आपलं दुखणं कुणी मोजलं आणि ते कमी भरलं, याचं दुःख वेगळंच असतं बघा.

तेव्हापासून आम्ही या कागदाच्या मागं लागलो. हा कागद कुणी केला, कुठून आला, वेगवेगळ्या देशांतल्या माणसांना तो कसा काय लागू पडतो, हे आमच्या कार्यक्रमाला मदत करणाऱ्या फिजिओथेरपिस्ट ताईंना विचारत राहिलो. त्यातून थायलंडची गोष्ट कळली. तीच आज सांगतो.

आधी कागदाचं मूळ. इंग्लंडमध्ये ऑस्वेस्ट्री नावाचं गाव आहे. तिथल्या डॉक्टरांनी कंबरदुखीसाठी एक प्रश्नावली केली, ती 1980 मध्ये प्रसिद्ध झाली. दुखतं किती एवढंच न विचारता, दुखण्यामुळं काय काय करता येत नाही हे तिनं विचारलं. पुढं कॅनडातल्या हॉवर्ड व्हर्नन आणि सिल्व्हानो मिऑर या दोघांनी त्याच धर्तीवर मानेसाठी प्रश्नावली तयार केली. ती 1991 मध्ये छापून आली. तिला 'नेक डिसॅबिलिटी इंडेक्स' म्हणतात. आपण तिला मानेचा कागद म्हणू.

तिच्यात दहा गोष्टी आहेत. दुखणं किती, स्वतःचं आवरणं, ओझं उचलणं, वाचणं, डोकेदुखी, लक्ष लागणं, काम, गाडी चालवणं, झोप आणि करमणूक. प्रत्येकाला शून्य ते पाच गुण, सगळे मिळून पन्नास. चारपर्यंत आले तर अडचण नाही, पाच ते चौदा सौम्य, पंधरा ते चोवीस मध्यम, पंचवीस ते चौतीस तीव्र आणि त्यापुढं गेलं तर माणूस अगदीच अडलेला. जगभरचे दवाखाने आणि संशोधक हा कागद वापरतात. उपचाराआधी भरायचा, उपचारानंतर भरायचा आणि आकडा उतरला का ते बघायचं.

पण मूळ कागद इंग्रजी बोलणाऱ्या माणसांसाठी केलेला. थायलंडमधल्या बाईला इंग्रजी प्रश्न काय कळणार? तिच्या देशातही मानदुखी काही कमी नाही. भातशेतीत वाकून काम करणाऱ्या बाया तिथं आहेत. खांद्यावर बांबूची काठी आणि तिच्या दोन टोकांना टोपल्या, अशी आपल्या कावडीसारखी ओझी वाहून माल विकणाऱ्या बाया आहेत. दिवसभर शिलाई मशिनवर मान घालून बसणाऱ्या आहेत. अंग आखडलं की मालिश करून घ्यायची रीत तिथं जुनी आहे. थाय मालिशीला तर 2019 मध्ये युनेस्कोनं मानवजातीच्या वारशाच्या यादीत घेतलं. पण मालिश असो की व्यायाम की गोळी, कशानं किती गुण आला हे सांगायला माप हवं, आणि ते त्यांच्या भाषेत हवं.

म्हणून चियांग माई विद्यापीठातल्या संशोधकांनी मानदुखीच्या दोन प्रश्नावल्या थाय भाषेत आणून तपासल्या. एक हाच दहा प्रश्नांचा कागद आणि दुसरी वीस प्रश्नांची. ते काम 2011 मध्ये प्रसिद्ध झालं. त्याच सुमारास थायलंडमधल्या दुसऱ्या एका गटानंही दहा प्रश्नांच्या कागदाचं थाय रूप तपासलं. दोन्हीकडं थाय रूप भरवशाचं ठरलं.

आता तुम्ही म्हणाल, भाषांतर तर करायचं, त्यात तपासायचं काय? आम्हीही हेच विचारलं होतं. मग ताईंनी आम्हाला थाय भाषेतले चार शब्द सांगितले.

थाय भाषेत मानेला 'खो' म्हणतात. पण गळ्याला, घशालाही 'खो'च म्हणतात. आणि दुखण्याला एक शब्द नाही. 'पुअत' म्हणजे आत ठणकतं, सलतं तसं दुखणं. 'चेप' म्हणजे लागल्यासारखं, झोंबल्यासारखं दुखणं. 'म्युआय' म्हणजे कामानं अंग शिणून भरून येणं. आता गंमत बघा. 'पुअत खो' म्हटलं तर मान दुखते. आणि 'चेप खो' म्हटलं तर घसा दुखतो! एक शब्द चुकला की मानेच्या कागदावर सर्दी-खोकल्याचा माणूस खुणा करून जाईल. आणि 'म्युआय' हा शब्द घातला तर बाई म्हणेल, हो, भात लावून आलं की रोजच होतं, त्यात काय सांगायचं?

आपल्याकडं तरी काय वेगळं आहे? आमच्या बैठकीत आम्ही सगळ्यांना विचारलं, मान दुखते म्हणजे काय होतं? एक म्हणाली आखडते, एक म्हणाली ठणकते, एक म्हणाली चमक मारते. कुणी म्हणाली रग लागते, कुणी म्हणाली खांद्यापर्यंत ओढ लागते, हाताला मुंग्या येतात. यातला प्रत्येक शब्द डॉक्टरला वेगळी खबर देतो. आणि कागदावर एकच शब्द असतो, 'वेदना'. आमच्यातली एक म्हातारी म्हणाली, "वेदना मोठ्या माणसांना होतात, आम्हाला नुसतं दुखतं." सगळ्या हसलो. पण बोलली ती खरंच.

म्हणून अशा भाषांतराची एक शिस्त ठरलेली आहे. ती ऐका, आपल्या गटाच्या हिशेबाइतकीच काटेकोर आहे.

पहिली पायरी, मूळ कर्त्याची परवानगी. दुसरी पायरी, दोन वेगळी माणसं वेगवेगळी बसून भाषांतर करतात. एकाला वैद्यकाची माहिती असते, दुसऱ्याला नसते. ज्याला माहिती नाही तो साध्या माणसाची भाषा लिहितो, म्हणून तो हवाच. मग दोघांची भाषांतरं शेजारी ठेवून एक करतात.

तिसरी पायरी उलट्या भाषांतराची. ज्यांनी मूळ इंग्रजी कागद पाहिलेलाच नाही अशी दोन माणसं ते परत इंग्रजीत नेतात. लहानपणी आपण कानगोष्टी खेळायचो, आठवतं? पहिलीच्या कानात सांगितलं एक आणि शेवटचीच्या तोंडून निघालं भलतंच. इथं तेच बघायचं असतं. परत आलेलं वाक्य मूळ वाक्याशी जुळलं नाही तर वाट कुठं चुकली ते शोधायचं.

चौथी पायरी, सगळे जाणकार एकत्र बसून शब्दाशब्दावर भांडतात. गाडी म्हणजे कोणती गाडी? थायलंडमध्ये गावोगाव मोटारसायकलच जास्त दिसते. करमणूक म्हणजे काय? 'बरंच दुखतं' आणि 'फार दुखतं' यातला फरक कसा दाखवायचा? सहा उत्तरं चढत्या पायरीनं लागली पाहिजेत. दोन पायऱ्या एकाच उंचीच्या झाल्या तर माणूस कुठं उभा आहे ते कळणार नाही.

पाचवी पायरी आम्हाला सगळ्यात आवडली. तीस-चाळीस खऱ्या रुग्णांना कागद भरायला देतात आणि नंतर प्रत्येकाला विचारतात, या प्रश्नाचा तुम्हाला काय अर्थ लागला? भरलं का एवढंच नाही, काय समजून भरलं. आम्हाला तर असं कुठल्याच कागदाबद्दल आजवर कुणी विचारलेलं नाही.

एवढं झालं की भाषांतर झालं. माप म्हणून ते खरं आहे का, हे अजून ठरायचं असतं. इथं आपल्या दूध डेअरीचा काटा डोळ्यापुढं आणा.

तीच चरवी सकाळी दोनदा काट्यावर ठेवली तर वजन तेच आलं पाहिजे. तसंच, ज्या माणसाचं दुखणं दोन-चार दिवसांत बदललेलं नाही, त्याला परत कागद भरायला देतात. आकडा जवळजवळ तोच आला तर काटा स्थिर आहे.

दुसरं, काटा दुधाचंच वजन दाखवतो की चरवीचंही? म्हणजे हा कागद मानेचीच अडचण मोजतो की नुसती उदासी किंवा म्हातारपण मोजतो? त्यासाठी त्याच माणसाला दुखण्याची आणि एकूण तब्येतीची दुसरी तपासलेली मापं देतात आणि मेळ बसतो का बघतात. जिचं दुखणं तिकडं जास्त, तिचा आकडा इकडंही जास्त हवा.

तिसरं, दहाही प्रश्न एकाच गोष्टीबद्दल बोलतात का? गटात नऊ जणी बचतीचं बोलत असताना दहावी लग्नाचं बोलायला लागली तर कळतं ना आपल्याला? तसाच भरकटलेला प्रश्न आकडेमोडीत पकडता येतो.

चौथं, गुण आला तर आकडा हलतो का? बाई बरी झाली आणि कागद जागचा हलला नाही, तर तो कागद काय कामाचा?

मैत्रिणींनो, ही सगळी खटपट दहा प्रश्नांसाठी. का? कारण हा आकडा पुढं बरंच काही ठरवतो. कुणाला आधी बोलवायचं, कुणाला मोठ्या दवाखान्यात पाठवायचं, कुठला उपचार उपयोगी ठरला. आकडा खोटा तर न्याय खोटा.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे. थाय भाषाही एकसारखी नाही. उत्तरेकडं चियांग माईच्या बाजूला लोक घरात वेगळी बोली बोलतात. ईशान्येकडच्या इसान भागात बोलतात ती बोली शेजारच्या लाओस देशाच्या भाषेला जवळची आहे. प्रमाण थाय शाळेत शिकलेल्याला कळते, आजीला तितकीशी नाही. आपल्या अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी बोलणाऱ्या मैत्रिणींना हे वेगळं सांगायला नको. तिथंही आपल्या आशाताईंसारख्या गावच्या आरोग्यसेविका आणि सेवक आहेत, देशभरात दहा लाखांहून जास्त. अशा गावच्या माणसानं आजीच्या बोलीत प्रश्न समजावला तर कागद बोलका होतो.

आणि आपल्या मराठीचं काय? कंबरदुखीची ती ऑस्वेस्ट्री प्रश्नावली मराठीतही आणलेली आहे, आणि ती आपल्या लोकांवर तपासून 2013 मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध झालेला आहे. म्हणजे वाट पडलेली आहे.

आता परत काकूंकडं येऊ. ताईंनी त्यांचा कागद पाहिला आणि दोन शून्यांवर बोट ठेवलं. म्हणाल्या, "त्रास होत नाही आणि ते काम मी करतच नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गाडी आणि वाचन हे प्रश्न काकूंना लागूच नाहीत. तिथं शून्य नाही, जागा मोकळी हवी होती."

मग हिशेब असा. दहापैकी दोन प्रश्न मोकळे, म्हणजे एकूण गुण पन्नास नाहीत, चाळीस. काकूंचे गुण वीस. पन्नासात वीस म्हणजे शंभरात चाळीस. पण चाळीसात वीस म्हणजे शंभरात पन्नास. पन्नास गुणांच्या मापात तेच पंचवीस होतात, आणि पंचवीस म्हणजे तीव्र. मध्यम नाही, तीव्र! काकूंची मान होती तशीच होती. दोन खुणांनी त्यांना खालच्या पायरीवर बसवलं होतं.

आमच्यातल्या काही जणी तेव्हा चिडून म्हणाल्या, असला कागदच नको. आपण आपला करू. हंडा उचलताना दुखतं का, भारा घेताना दुखतं का, चुलीपुढं वाकताना दुखतं का, असं विचारू. आम्हालाही ते पटलं होतं. पण ताईंनी समजावलं. आपण मनानं प्रश्न बदलले तर तो काटा आपल्या घरचा होईल. त्यावरचा आकडा दुसऱ्या दवाखान्यात चालणार नाही, मागच्या आकड्याशी तुलनाही होणार नाही. बदलायचं असेल तर थायलंडच्या लोकांनी केलं तसं रीतसर बदलावं लागतं, तपासून. तोवर दोन्ही करायचं. कागद नीट भरायचा आणि कागदात नसलेलं तोंडानं सांगायचं.

आम्ही तसंच केलं. आमच्यातल्या दोघी काकूंबरोबर परत गेलो. भांडायला नाही, सांगायला. तिथल्या डॉक्टरबाईंनी ऐकून घेतलं. काकूंनी हंड्याचं सांगितलं, वेणीचं सांगितलं आणि उजव्या हाताची दोन बोटं बधिर होतात तेही सांगितलं. हे कागदात कुठं विचारलेलंच नव्हतं. लगेच तपासण्या झाल्या, उपचार बदलले. काकू आता बऱ्याच सावरल्या आहेत. हंडा मात्र सून उचलते, आणि काकू तिला रोज सांगतात, एकदम भरू नको गं.

तर मैत्रिणींनो, दवाखान्यात असा कागद हातात आला की चार गोष्टी करा. एक, घाई करू नका. नीट दिसत नसेल तर परत वाचून दाखवा म्हणा. दोन, शब्द कळला नाही तर विचारा. लाज वाटू देऊ नका, न कळणारा शब्द हा कागदाचा दोष आहे. तीन, जे काम तुम्ही करतच नाही तिथं 'त्रास नाही' म्हणू नका, 'हे मला लागू नाही' म्हणा. पण दोनपेक्षा जास्त प्रश्न मोकळे राहिले तर बेरीज धरत नाहीत, तेव्हा ज्याचं उत्तर देता येतं ते टाळू नका. आणि चार, कागद संपल्यावर तुमच्या रोजच्या कामातली एक अडचण तुमच्या शब्दांत सांगा. मुंग्या तर मुंग्या, ठणका तर ठणका.

आणि एक सूचना कागदाबिगदाच्या आधीची. मानदुखीबरोबर हातापायातली ताकद कमी झाली, हातातून वस्तू निसटायला लागल्या, चालताना तोल जायला लागला, लघवी-संडासवरचा ताबा सुटला, ताप येऊन मान वाकेनाशी झाली, किंवा पडल्या-आपटल्यावर मान दुखायला लागली, तर कागदाची वाट बघू नका. त्याच दिवशी डॉक्टरकडं जा. आणि कुणाकडूनही झटका देऊन मान मोडून घेऊ नका.

पुढच्या बैठकीत एक काम करा. गोल बसा आणि प्रत्येकीला विचारा, तुझी मान दुखते म्हणजे काय होतं? सगळे शब्द वहीत लिहून काढा आणि आमच्या केंद्रावर पाठवा. उद्या कुणी मानेचा कागद आपल्या गावात तपासायला आलं, तर ही वही आपण त्यांच्या पुढं ठेवू.

चला, चुलीवरचं करपायला नको. पुढच्या आठवड्यात याच वेळी भेटू. नमस्कार.